वाळू खाली येईपर्यंत

मी वाळूघडी बोलतेय. तळहातावर उभी राहीन एवढीच आहे मी. काचेचे दोन फुगे, मधे सुईच्या नेढ्यासारखी बारीक मान, वर-खाली लाकडाची एकेक चकती आणि पोटात पांढरट वाळू. मला उलटं केलं की वाळू वरून खाली येते. एवढंच माझं काम. पण ते चालू असताना माणसांनी काय करायचं, यावरून जेवढी भांडणं मी पाहिली तेवढी भिंतीवरच्या मोठमोठ्या घड्याळांनीही पाहिली नसतील.

माझा जन्म भट्टीजवळचा. काच फुंकणारा एक म्हातारा होता आणि त्याची लेक होती. बापाने नळीतून फुंकर मारून मला आकार दिला आणि तो मोकळा झाला. पोट भरायचं काम लेकीकडे. ती वाळू धुवायची, तव्यावर कोरडी करायची, चाळायची आणि पुन्हा चाळायची. बाप वैतागायचा. म्हणायचा, वाळूच आहे ती, घाल आणि बंद कर, कोण मोजत बसणार आहे? लेक मान वर न करता म्हणायची, "मी बसलेय ना."

मला बंद केल्यावर तिने कानाशी धरलं. वाळू मानेतून जाताना अगदी बारीक आवाज होतो. तो मधे तुटतोय का, एवढंच तिला ऐकायचं होतं. मागे भट्टी घोंघावत होती, बाप बडबडत होता, आणि ही डोळे मिटून माझ्या पोटातली वाळू ऐकत होती. माणूस इतका गप्प होऊ शकतो, हे मला जगात आल्या आल्याच दिसलं. मला वाटलं, सगळी माणसं अशीच असतात.

तो गैरसमज लवकरच फिटला.

एका आत्याबाईंनी मला विकत घेऊन भावाच्या घरी भेट दिलं. तिथे काचेच्या कपाटात, चिनी मातीचा कुत्रा आणि कुणाच्या तरी जुन्या बक्षिसाचा पेला यांच्या मधे माझी स्थापना झाली. घर चांगलं होतं, माणसंही मायाळू होती, पण बोलायची सगळ्यांना भारी हौस. जेवणाच्या टेबलावर काका विचारायचे, "काय गं, कॉलेज कसं चाललंय?" आणि पुतणीने तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगायचे, "चांगलंच चालणार. आमच्या वेळी..." की सुरू. आजोबा त्यांच्या वरचे. त्यांना तर प्रश्नही लागायचा नाही.

ही पुतणी घरातली धाकटी. एकदा तिने कपाट उघडलं, मला टेबलावर आणून ठेवलं आणि जाहीर केलं की वाळू खाली येईपर्यंत फक्त ती बोलणार, बाकी सगळे ऐकणार. काका हसले. म्हणाले, आता पोरगी आम्हाला घड्याळ लावून ऐकवणार. आजोबा म्हणाले, बोल बाळ, आम्ही ऐकतोय, ऐकणं हा फार मोठा गुण आहे. आणि ऐकण्याच्या गुणाबद्दल ते वाळू संपेपर्यंत बोलत राहिले.

धाकटी रडली नाही की चिडली नाही. तिने मला उचललं आणि आपल्या पिशवीत टाकलं. पुढे तिने नोकरीही अशी शोधली की ऐकणाऱ्याला हसू यावं. शिक्षकांना शिकवायची नोकरी. मुलांना विचार करायला कसं लावायचं, हे त्यांच्या शिक्षकांना शिकवायचं. घरच्या काकांचं तोंड बंद करता आलं नाही म्हणून गावच्या काकांच्या वाटेला गेली, असं आत्याबाई म्हणाल्या.

लांब व्हरांड्याची एक शाळा तिला मिळाली. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत प्रशिक्षण असायचं. दिवसभर शिकवून थकलेले शिक्षक मांडीवर पिशव्या घेऊन बसायचे, एक डोळा दाराकडे ठेवून. ही त्या सगळ्यांपेक्षा लहान. सगळे तिला ताई म्हणायचे, पण ताई म्हणण्याच्याही अनेक तऱ्हा असतात. विज्ञानाचे सर 'ताई' म्हणायचे ते 'पोरी' म्हटल्यासारखं.

या सरांना मुलांनी नाव ठेवलं होतं फटाफट सर. उंच, चष्मा कायम कपाळावर. प्रश्न विचारला की बोटांनी टेबलावर ताल धरत म्हणायचे, "सांगा, फटाफट!" त्यांचे निकाल शाळेत सगळ्यात चांगले, म्हणून शाळेच्या मोठ्या बाईसुद्धा त्यांच्याशी जपून बोलायच्या. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "ताई, आम्ही हातात खडू घेतला तेव्हा तुमचे दुधाचे दात पडले नव्हते."

ताई म्हणाली, "मग तर तुम्हाला नक्की माहीत असेल, सर. प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबता?"

"पुरेसा वेळ."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसली. सरांनी विचारलं, पावसात भिजलेली भिंत आपोआप कशी वाळते, पाणी कुठे जातं? तिने मला उलटं केलं. "सांगा, फटाफट! नाही ना येत? ऐका, मी सांगतो." माझे जेमतेम चिमूटभर कण खाली पोचले होते, तेवढ्यात तिने मला आडवं केलं. तास संपल्यावर तिने मला तसंच आडवं धरून सरांना दाखवलं. सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, मला नीट पाहिलं आणि म्हणाले, "हे घड्याळ बिघडलंय."

ताईने सगळ्यांना एकच गोष्ट करायला सांगितली. प्रश्न विचारा, मला उलटं करा आणि वाळू खाली येईपर्यंत एक अक्षर बोलू नका. सूचना नाही, इशारा नाही, घसा खाकरणं नाही.

एवढी साधी गोष्ट मोठ्या माणसांना किती जड जाते, ते बघायला मी हवी होते आणि होतेही. भाषेच्या बाईंनी तोंडावर हात दाबून धरला. भूगोलाचे सर स्वच्छ फळा पुसत राहिले. गणिताच्या बाईंना दरदरून घाम फुटला. इतकी वर्षं वर्ग गप्प बसवण्यात गेली, आणि स्वतः गप्प बसायचं म्हटलं तर जीव कासावीस.

पण त्या गप्प बसण्यात मी जे पाहिलं, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. मुलं आधी बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. बाई बोलायचं विसरल्या की काय? मग एकमेकांकडे पाहिलं. मग हसू आलं, तेही सरलं. आणि नंतर ती कुठेच बघेनाशी झाली. डोळे उघडे, पण बघणं आत वळलेलं. एकाची भुवई हळूच वर गेली. एकीचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. एक जण आपल्याच बोटांकडे असा बघत होता की जणू ती त्याला कुणीतरी आत्ताच दिली आहेत. बाहेरून काहीच घडत नव्हतं. आत मात्र काहीतरी बांधलं जात होतं, पडत होतं, पुन्हा बांधलं जात होतं. मी काचेची आहे, माझ्यातून आरपार दिसतं. पण माणूस विचार करायला लागला की तोही असा पारदर्शक होतो, हे मला ठाऊक नव्हतं.

ताई आठवड्यातून एकदाच यायची. बाकीचे दिवस मी शाळेत, प्रयोगशाळेच्या टेबलावर. आणि मोठ्या माणसांच्या हातात चांगली वस्तू दिली की ती तिचं काय करतील, याचा नेम नाही. फटाफट सरांनी मला वर्गात नेलं, ठणकन टेबलावर आपटलं आणि सांगितलं, वाळू संपायच्या आत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर तास संपेपर्यंत उभं राहायचं.

मी थांबण्यासाठी होते. त्यांनी मला चाबूक केलं. मुलं माझ्याकडे बघेनाशी झाली. काही जण तर मी उलटी झाले की डोळेच मिटून घ्यायची.

ताईला हे कळलं तेव्हा ती सरांसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढला नव्हता. "सर, ही थांबायला दिली होती. पळवायला नाही."

"शेवटी वेळेचंच यंत्र ना ते," सर म्हणाले. त्यांना खरोखर फरक कळत नव्हता. मला त्या दिवशी फुटून त्यांच्या टेबलावर पसरावंसं वाटलं.

तेवढ्यात निरोप आला. प्रशिक्षण चालवणाऱ्या कार्यालयाचे पर्यवेक्षक शाळेत येणार, एक पाठ बघणार आणि त्यावरून ठरवणार की हे प्रशिक्षण बाकीच्या शाळांत न्यायचं की इथेच गुंडाळायचं. गुंडाळलं तर ताईची नोकरीही त्यातच गुंडाळली जाणार. तिला वाटत होतं, पाठ भाषेच्या बाईंनी घ्यावा, त्यांना थांबणं साधायला लागलं होतं. पण मोठ्या बाई म्हणाल्या की पाहुण्यांसमोर आपला हुकमी माणूसच पुढे करायचा. हुकमी माणूस म्हणजे फटाफट सर.

सरांनी जे केलं ते असं. वजन आणि तराजू हा पाठ निवडला. मग मुलांना शंका वाटून दिल्या. हो, शंका. खाऊ वाटावा तशा. तू उभा राहून म्हणायचं, 'सर, मला हे पटत नाही.' तू म्हणायचं, 'याला पुरावा काय?' तू म्हणायचं, 'दुसरी बाजूही असू शकते.' आणि शेवटी तू म्हणायचं, 'आता पटलं.' रोज तालीम. एका मुलाने भीत भीत विचारलं, "सर, मला खरंच नाही पटलं तर?"

"त्या दिवशी पटवून घे," सर म्हणाले.

पाहणीच्या सकाळी ताई व्हरांड्यातून येत होती, तेव्हा वर्गातून सुरात आवाज आला, "सर, मला हे पटऽत नाही." ती जागच्या जागी थबकली. मग आत येऊन सरांना बाजूला घेऊन म्हणाली, "पाठ केलेली शंका ही शंका नसते, सर."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरची ऐट उतरली होती. "आणि मुलं गप्प बसली तर? नाक माझंही कापलं जाईल आणि तुमचंही. तुमची तर भाकरीच आहे यात."

ताई वळली. ती मागच्या बाकावर जाऊन बसली. मला तिचा राग आला. पण तिचे ओठ कोरडे पडलेले दिसले आणि राग टिकला नाही.

पर्यवेक्षक आले. गोल चेहरा, हसरे, प्रत्येक वाक्याला मान डोलावणारे. पाठ सुरू झाला. टेबलावर दोन पारड्यांचा तराजू, शेजारी मी. ठरल्या वेळी ठरलेल्या शंका उठल्या. 'मला हे पटत नाही' आलं, 'पुरावा काय' आला. पर्यवेक्षकांची मान डोलत होती. सगळं तेल घातलेल्या यंत्रासारखं चाललं होतं. सरांनी शेवटचा प्रश्न विचारला आणि देखाव्यापुरतं मला उलटं केलं. वाळू पडली, संपली. ज्याने 'आता पटलं' म्हणायचं होतं तो उठायला लागला.

त्याच्या आधी मागून एक मुलगी उभी राहिली. वर्गात तिला सगळे मुकी म्हणत, कारण ती कधी बोलायचीच नाही. सरांनी तिला शंका दिलीच नव्हती, वाया जाईल म्हणून. ती इतका वेळ तराजूकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"सर," ती म्हणाली, "वाळू पडत असताना घडीचं वजन कमी होतं का?"

कुणाला काही कळलं नाही. तिने बोटाने माझी मान दाखवली. "म्हणजे, मधली वाळू वरही टेकलेली नसते आणि खालीही. ती हवेत असते. मग तिचं वजन कोण घेतं?"

मी आयुष्यभर वाळू खाली सोडत आले होते. माझ्या पोटातली गोष्ट. आणि मला हे कधी सुचलं नव्हतं. कुणाचं वजन कोण घेतं, हे मला स्वतःबद्दल माहीत नव्हतं. त्या क्षणी त्या मुलीसमोर मी इतकी लहान झाले आणि इतकी मोठी झाले की काय सांगू.

मागून पर्यवेक्षक हसत म्हणाले, "सोपं आहे, बाळा. हवेतली वाळू मोजलीच जाणार नाही. वजन कमी होणार. चला सर, पुढे."

सरांचंही तोंड उघडलं होतं. हेच उत्तर त्यांच्या जिभेवर आलेलं मला दिसत होतं. बोटंही टेबलावर ताल धरायला वळली. ठरलेला पाठ संपायला एकच वाक्य बाकी होतं. मुलीला खाली बसवायचं, 'आता पटलं' म्हणवून घ्यायचं, की सरांचं नाक आणि ताईची नोकरी शाबूत.

त्यांनी ती बोटं उचलली आणि मला उलटं केलं. आणि गप्प राहिले. वाळू पडत होती, ते तिच्याकडे बघत होते, त्यांचं बघणं मुलं बघत होती. तेच ते आत वळलेले डोळे मी सरांच्या कपाळाखाली पाहिले. वाळू संपली तरी ते लगेच बोलले नाहीत.

मग म्हणाले, "मला माहीत नाही."

वर्गात कुणाची तरी पेन्सिल खाली पडली. तिचा घरंगळण्याचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला.

"कसं कळेल आपल्याला?" सरांनी विचारलं.

पुढचं कुणी ठरवलेलं नव्हतं. कुणी म्हणालं, तराजूत ठेवून बघू. कुणी म्हणालं, आधी वाळू सगळी खाली असताना तोलायची, काटा मधोमध आणायचा, मग घडी उलटी करून त्याच पारड्यात ठेवायची. उलटी करताना हाताचा धक्का लागेल, अशी एकीने हरकत घेतली, म्हणून पारडं शांत होईपर्यंत थांबायचं ठरलं. बाकं सोडून सगळी मुलं टेबलाभोवती गोळा झाली. सर मुलांच्या मागे गेले आणि टाचा उंच करून बघायला लागले.

मला तोललं गेलं. पारड्यात उभी राहून मी झोके घेत होते, समोर वजनं, मधे काटा, आणि भोवती इतके श्वास रोखलेले की माझ्या वाळूचा आवाज पुन्हा ऐकू यावा. जन्मल्यानंतर पहिल्यांदाच. झोके मंदावले. वाळू पडत होती. काटा मधोमध येऊन थांबला आणि तिथून हलला नाही.

पर्यवेक्षक उठून पुढे आले, वाकले. "तराजू जाम असेल," म्हणाले.

एका मुलाने कागदाचा एवढासा कपटा फाडून माझ्या पारड्यात टाकला. काटा सरकला. कपटा काढला, काटा परत जागेवर. वाळू अजून पडतच होती.

मग जो गलका झाला त्याला मी गलका म्हणणार नाही. एक म्हणाला, खाली आदळणारी वाळू जोराने आदळते, तो जोर हवेतल्या वाळूची भरपाई करत असेल. दुसरी म्हणाली, बरोबर तेवढाच कसा असेल? वाळू सुरू होताना, पहिला कण खाली पोचायच्या आधी, काय होत असेल? तेव्हा तर आदळणारं काहीच नसतं. मुकीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला अजून पटत नाही." हेच शब्द सकाळपासून त्या खोलीत कितीदा वाजले होते. पण ते खरे कसे वाजतात, ते आत्ता कळलं.

तास संपल्याची घंटा झाली. कुणीच उठलं नाही.

मुलं गेल्यावर पर्यवेक्षकांनी निर्णय दिला. पाठ ठरल्याप्रमाणे झाला नाही. वेळ पाळली गेली नाही. मुलांच्या हाती शेवटी उत्तर पडलं नाही. अशा प्रशिक्षणाने गोंधळ वाढेल.

सर म्हणाले, "साहेब, उत्तर तुम्ही दिलं होतं. ते चुकलं. मीही तेच देणार होतो. त्या पोरीने आपल्या दोघांनाही वाचवलं."

पर्यवेक्षकांची मान पहिल्यांदाच डोलली नाही.

प्रशिक्षण बंद झालं. ताईचं काम गेलं. तिने मला पिशवीत घालायला उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत टेबलावर ठेवलं. सर दारात उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. ताई वाट बघत उभी राहिली. मग ते म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी याल? मला जमत नाहीये अजून."

ताई आता दुसऱ्या एका शाळेत वर्ग घेते. पण सुट्टीच्या दिवशी ती इथे येते. कुणाच्या हुकमाशिवाय, कुणाच्या शिक्क्याशिवाय, शिक्षक प्रयोगशाळेत जमतात. आता इतर शाळांतलेही येतात. फटाफट सर त्यांना प्रश्न विचारून थांबायला शिकवतात. नवे, तरुण शिक्षक चुळबुळतात, म्हणतात, सर, फटाफट संपवा ना. सर हसतात आणि मला उलटं करतात. ते अजूनही मधेच बोलतात कधीकधी. मग मागून ताई खाकरते.

आणि मी? मी म्हातारी होत चाललेय. वाळू जाऊन जाऊन माझी मान आतून झिजली आहे. भोक मोठं झालंय, वाळू पूर्वीपेक्षा लवकर खाली येते. ज्या घाईवर मी आयुष्यभर दात खाल्ले, ती आता माझ्याच अंगात शिरली आहे. मुलांनी हे भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, आणि मला टाकून द्यावं की ठेवावं यावर वाद घातला. ठेवलं. पण माझ्यावर विसंबायचं नाही, असंही ठरवलं. शहाणी आहेत.

म्हणून तुम्हालाही सांगते. तुम्ही बाई असा, सर असा, नाहीतर नुसते कुणाचे काका असा. प्रश्न विचारलात की माझ्याकडे बघू नका, समोरच्या पोराकडे बघा. माझी वाळू संपेल. त्याचा विचार संपलेला नसेल. त्यापुढचं थांबणं तुमच्या पदरचं घाला.